अकॅडमीच्या पोरांची मॅच आणि आमचे 39,300 रुपये

'आजची फिक्स मॅच, शंभर टक्के खात्री' असे मेसेज ज्यांच्या फोनवर येतायत त्यांनी हे वाचाच. फसला माझा धाकटा भाऊ. पण पैसे घरातले होते आणि तक्रारीचे सगळे कागद मीच करतोय, म्हणून लिहायलाही मीच बसलोय.

आम्ही हर्णैचे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. बोटी वर ओढून शाकारल्या, जाळ्यांची कामं उरकली, की तरण्या पोरांच्या हातात दिवसभर फोन. त्यातच भावाला कुणीतरी टेलिग्रामच्या एका ग्रुपात घातलं. इंग्लंडमधल्या एका मोठ्या फुटबॉल क्लबच्या अकॅडमीत म्हणे यांचा माणूस आहे, अठरा वर्षांखालच्या टीमच्या मॅचचा निकाल तो आधीच सांगतो. पहिले तीन अंदाज फुकट. तिन्ही बरोबर आले.

इथेच भाऊ फसला, आणि खरं सांगायचं तर कुणीही फसला असता. म्हणून हे तीन अंदाज बरोबर कसे येतात ते नीट समजून घ्या. समजा त्यांच्याकडे 2,700 नंबर आहेत. 900 जणांना सांगायचं 'घरची टीम जिंकणार', 900 जणांना 'बरोबरी', उरलेल्या 900 जणांना 'पाहुणे जिंकणार'. एका गटाला बरोबर मिळणारच. बाकीच्यांना सोडून द्यायचं आणि त्या 900 जणांचे पुन्हा तीन भाग करायचे. दुसऱ्या मॅचनंतर 300 उरतात, तिसऱ्यानंतर 100. या 100 जणांनी तीनपैकी तीन अंदाज खरे ठरताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असतात. ते शपथेवर सांगतील की माणूस पोचलेला आहे. चुकीचा अंदाज मिळालेले 2,600 जण त्यांना कधी भेटतच नाहीत. यात फुटबॉलमधलं ओ की ठो कळावं लागत नाही.

आणि मॅच मुद्दाम पोरांचीच का? मोठ्या टीमची मॅच टीव्हीवर दिसते, शंभर ठिकाणी स्कोअर सापडतो. अकॅडमीच्या जुलैतल्या सराव सामन्याचं तसं नसतं. कधी बंद मैदानावर खेळवतात, कधी तीस-तीस मिनिटांचे तीन भाग करतात. चाचणीला आलेल्या पोराचं नाव यादीत न देता नुसतं 'ट्रायलिस्ट' एवढंच लिहितात. कोच हाफटाइमला निम्मी टीम बदलतो, कारण त्याला पोरं पारखायची असतात, जिंकणं दुय्यम. चांगला गोलकीपर ऐनवेळी वरच्या टीमने मागून नेला तर आदल्या दिवशीचं सगळं गणित बाद. असल्या मॅचचा निकाल खुद्द त्या कोचलाही सांगता येणार नाही, आणि हे इकडे दापोली तालुक्यातल्या खलाशाला 2-1 असा स्कोअर सांगत होते!

मॅच झालीच होती का, हाही प्रश्नच आहे. हसू नका. 2010 मध्ये बहरीनच्या राष्ट्रीय संघाविरुद्ध टोगोचा म्हणून चक्क खोटा संघ मैदानात उतरला होता. 2022 मध्ये गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या मोलीपूरला शेतमजुरांना जर्सी घालून खोटी क्रिकेट लीग यूट्यूबवर दाखवली, आणि तिच्यावर रशियातले लोक पैसे लावत होते. भावाच्या मॅचचा स्कोअर फक्त त्यांच्याच साइटवर होता. मी बराच शोधला, दुसरीकडे कुठेही मिळाला नाही.

पुढचं सगळं झटपट झालं. 'व्हीआयपी' ग्रुपची फी 1,500. मग साइटच्या वॉलेटमध्ये 12,000. मॅच 'जिंकल्यावर' वॉलेटमध्ये 86,000 दिसायला लागले. नुसते दिसायलाच. काढायला गेला तर, 'तीस टक्के टॅक्स आधी भरा, 25,800.' डिझेलसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून भावाने तेही भरले. त्यानंतर खातं पडताळणीचे आणखी मागितले, तेव्हा तो माझ्याकडे आला.

टॅक्सच्या नावावर फार लोक मरतात, कारण तीस टक्के हा आकडा ऐकलेला असतो. पण खरा टॅक्स (टीडीएस) पैसे देणारा माणूसच रकमेतून कापतो आणि उरलेले पैसे देतो. तुमचेच पैसे द्यायला तुमच्याकडूनच आधी पैसे मागतो तो चोर. आणखी एक, प्रत्येक वेळी यूपीआयवर वेगळ्याच माणसाचं नाव येत होतं. एकदा शिलाई मशीनवाल्याचं, एकदा कुठल्याशा किराणा दुकानाचं. ही भाड्याने घेतलेली खाती असतात.

तक्रार करतो म्हटल्यावर त्यांनी भावालाच धमकावलं, 'सट्टा तू लावलास, आत तू जाशील.' याला घाबरून पोरं गप्प बसतात. 2025 मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा जो कायदा केला, त्यात शिक्षा खेळ चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. त्यामुळे लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत कळवलं तर बँकेला ते अडवता येतात. आमचे तोवर सरकले होते.

तक्रारीला प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, लागतो, तो बँकेच्या स्टेटमेंटवर मिळतो. चॅट मात्र परत मिळत नाही. घरात कळू नये म्हणून भावाने निम्मं चॅट पुसलं होतं, त्यावरून चौकीत दोन खेपा जास्त झाल्या. तुमच्या घरातल्या पोराने असं काही सांगितलं तर ओरडायचं ते नंतर ओरडा, आधी त्याच्याकडून स्क्रीनशॉट घ्या.

तक्रारीनंतर थोड्याच दिवसांत एकाचा फोन आला, 'सायबरमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, सोडवायला पाच हजार भरा.' मी विचारलं, साहेब, ठाणं कुठलं? फोन कट. फसलेल्यांची यादीही ते पुढे विकतात, असं दिसतंय. भावाच्या नंबरवर आता दुसऱ्याच ग्रुपाचं आमंत्रण आलंय. या वेळी गणपती ऑफर आहे, पहिले तीन अंदाज फुकट.