व्हॉल्व्हच्या एफएम ट्यूनरच्या रिपेअरीत माझे 36,350 रुपये गेले, तुम्ही सावध राहा

तीन महिने झाले, लिहू की नको चाललंय. लाज वाटते, सरळ सांगतो. पूर्ण आकडा घरात फक्त बायकोला माहितीये. पण परवा अजून एकाला त्याच माणसाकडे सेट पाठवायचा होता असं कळलं आणि मग राहवलं नाही.

सेट माझ्या काकांचा. काका मर्चंट नेव्हीत होते, त्यांनी तिकडून हा व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या काचेच्या नळ्यांवर चालणारा, अमेरिकन ट्यूनर आणला, तेव्हा आपल्याकडे एफएमच नव्हतं (पहिलं केंद्र 1977 ला मद्रासला सुरू झालं), म्हणजे नुसत्या हौसेपोटी आणलेला, आणि पुढे एफएम आल्यावर त्यांनी स्वतः गच्चीवर डायपोल अँटेना बांधली. काका गेल्यावर काकूंनी मला बोलावून हातात दिला, म्हणाल्या तुलाच यातलं कळतं, तू लाव. मोनो सेट आहे, अमेरिकेत स्टिरिओ एफएम 1961 ला सुरू झालं त्याच्या आधीचा, मागे नुसतं मल्टिप्लेक्स आउटचं सॉकेट (स्टिरिओचा वेगळा डबा जोडायचा तर त्यासाठी). हे मोनो लक्षात ठेवा, पुढे येतंय.

आता कुणी म्हणेल अनोळखी माणसाला दिलाच कशाला. मी अडाणी नाही. सोल्डरिंग येतं, दोन मीडियम वेव्हचे सेट मी स्वतः चालू केलेत. सेटमध्ये घरघर होती, फिल्टर कपॅसिटर वाळलेत हे मलाही कळत होतं. पण एफएमचं अलाइनमेंट, म्हणजे सगळ्या कॉइल नेमक्या जुळवणं, वेगळं काम आहे, 10.7 मेगाहर्ट्झचे आयएफ कॅन (कॉइलच्या छोट्या डब्या) सिग्नल जनरेटरशिवाय फिरवायचे नसतात, आतला ठिसूळ कोअर तुटला की संपलं, आणि माझ्याकडे जनरेटर नाही. म्हणून माणूस शोधला.

हा माणूस बोलायला इतका तयारीचा होता की काय सांगू. मी काही बोलायच्या आत त्यानेच विचारलं, "सर, अमेरिकन सेट आहे म्हणजे डीएम्फसिस 75 मायक्रोसेकंदाचा असणार, आपल्याकडे 50 लागतो, नाहीतर आवाज दबका येतो, तो बदलून देऊ ना?" हे बरोबर आहे! शंभर टक्के बरोबर आहे. (डीएम्फसिस म्हणजे स्टेशनने मुद्दाम वाढवून पाठवलेला बारीक आवाज सेटमध्ये परत कमी करणं.) मेकॅनिकांपैकी किती जणांना हे माहिती असतं? मी तिथेच विरघळलो. माहिती असणं आणि प्रामाणिक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला तेव्हा सुचलं नाही.

पैसे असे गेले. अॅडव्हान्स 6,500. आठ दिवसांनी फोन, दोन्ही 12AX7 (आवाज वाढवणारे छोटे व्हॉल्व्ह) पार मेलेत, टेलिफंकन या जर्मन कंपनीचे न वापरलेले, जुन्या स्टॉकमधले मिळतायत, बाकीचे व्हॉल्व्ह धरून 14,200. मग पॉवर ट्रान्सफॉर्मर जळाला, रिवाइंडिंग, म्हणजे नवी तार गुंडाळायचे, 9,800. इथे मी वाद घातला, पाठवताना तर घरघरत का होईना चालू होता, तर म्हणे जुनं इन्सुलेशन असतं सर, केव्हाही जातं. तेही खरंच असतं ना, त्यामुळे गप्प बसलो. मग अलाइनमेंटचे 4,000 आणि पॅकिंग-कुरिअर 1,850. प्रत्येक वेळी यूपीआय, प्रत्येक वेळी वेगळा नंबर. वेगळा नंबर आला की थांबा, बाकी काही बघू नका, थांबा.

शेवटचे दोन हप्ते त्याने पाठवलेल्या व्हिडिओनंतर दिले. त्या व्हिडिओचं मला अजून रात्री आठवतं. काळोखात डायलचा उजेड, मॅजिक आयचा (स्टेशन नीट लागलं की नाही दाखवणाऱ्या दिव्याचा) हिरवा पट्टा मिटतोय आणि स्टेशन लागून गाणं सुरू होतंय. मी हेडफोन लावून ऐकलं. तबला डाव्या कानात, बासरी उजव्या कानात, इतकं स्वच्छ. मी बायकोला बोलावून एक कान तिला दिला. ती म्हणाली, "मला नुसता तबलाच ऐकू येतोय." आणि मी हसलो आणि म्हणालो अगं दुसऱ्या कानात बासरी आहे.

मोनो सेट आहे. मोनो सेटमधून दोन कानांत दोन वाद्यं येऊच शकत नाहीत. तो आवाज माझ्या सेटचा नव्हताच, वरून चिकटवलेला होता, आणि बायकोने अक्षरशः तोंडाने सांगितलं तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, कारण मला तो सेट वाजायला हवा होता, काकूंना फोन करून ऐकवायचा होता. व्हिडिओत डायलच्या बाहेरचं काहीच दिसत नव्हतं, ना चासी (आतला सांगाडा), ना मागची बाजू. कुणाकडूनही व्हिडिओ मागवाल तर सेट उलटा करून खालची वायरिंग दाखवायला सांगा आणि शेजारी कागदावर तुमचं नाव आणि तारीख. टाळाटाळ केली तर पुढचा रुपया देऊ नका.

पार्सल आलं. नशीब की थेट लावला नाही, सिरीज बोर्डवर लावला, म्हणजे मध्ये बल्ब जोडून. बल्ब भक्कन पेटला आणि तसाच पेटता राहिला, म्हणजे आत शॉर्ट. खालचा पत्रा उघडला तर जुने मेणाचे पेपर कपॅसिटर जसेच्या तसे, एक बदललेला नाही. फिल्टर कपॅसिटरच्या डबीला बाहेरून चंदेरी रंग मारलेला आणि खालची धूळ तशीच. ट्रान्सफॉर्मरच्या चारही नटांवर फॅक्टरीतला लाल रंगाचा ठिपका आहे, तो कुठेही तडकलेला नाही. नट फिरलाच नाही तर रिवाइंडिंग कसलं केलं? आयएफ कॅनमधले दोन कोअर लोखंडी पेचकसाने फोडलेत, म्हणजे हात घातला तोसुद्धा नासधूस करायला. आणि व्हॉल्व्ह. काकांच्या सेटमध्ये मुळातच टेलिफंकन होते, खऱ्या टेलिफंकनच्या तळाला पिनांच्या मधोमध काचेतच पत्त्यांतल्या चौकटसारखा छोटा आकार उठवलेला असतो, बोटाला लागतो. आलेल्यांवर नाव छापलेलं होतं, ते अंगठ्याने पुसलं गेलं, आणि तळ सपाट. म्हणजे माझे चांगले काढून घेतले आणि त्याच नावाचे खोटे मला विकले. सेट द्यायच्या आधी प्रत्येक व्हॉल्व्हचा तळासकट फोटो काढा. मी दोनच काढले होते, तेवढ्यावरच आता सगळी केस उभी आहे.

त्याचा फोन तेव्हापासून बंद.

पोलीस स्टेशनला गेलो तर पहिला प्रश्न, रेडिओ केवढ्याचा? जुना आहे म्हटल्यावर, "मग भंगारात किती येतील?" मी व्हॉल्व्ह दाखवले, नटावरचा ठिपका दाखवला, साहेबांनी बघितलंही नाही. "हे सिव्हिल मॅटर आहे, तुम्ही स्वतःहून पैसे दिलेत, काम आवडलं नाही म्हणून गुन्हा होत नाही." काम आवडलं नाही? माझ्या वस्तूतले पार्ट काढून घेतलेत, न केलेल्या कामाचे पैसे घेतलेत, ही भारतीय न्याय संहितेच्या 318 खाली फसवणूक नाही तर काय आहे? तो माणूस दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून तिकडे जा, तिकडे फोन केला तर तुम्ही राहता तिकडे द्या. झिरो एफआयआर आता कायद्यातच आहे, कुठल्याही ठाण्याला घ्यावी लागते, हे मी बोललो तर "तुम्ही वकील आहात का?" चार चकरा, दोन सुट्ट्या गेल्या, हातात साधा पोच नाही. बँकेत गेलो तर ट्रान्झॅक्शन तुम्हीच ऑथराइज केलंय, आम्ही काही करू शकत नाही. प्रत्येकाने मलाच चूक ठरवून पाठवलं, फसवणाऱ्याचं नावसुद्धा कुणी लिहून घेतलं नाही. पन्नाशीच्या माणसाला खुर्ची न देता उभं ठेवून असं बोलतात, त्याचा जास्त त्रास झाला, पैशांपेक्षा.

कळल्या कळल्या त्याच तासात 1930 वर (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन करा, पैसे पुढे सरकायच्या आत अडवता येतात. मी दहा दिवस त्याच्या फोनची वाट बघण्यात घालवले. पोलिसांनी घेतलं नाही तर तक्रार लिहून पोस्टाने एसपींना पाठवा, तशी तरतूद आहे, मी पाठवली आहे. आणि ग्राहक आयोगात जा, 2019 च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, 5 लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. माझी दाखल झालीये, तारीख लागायचीये.

काकूंना अजून सांगितलेलं नाही. दर रविवारी विचारतात, "लागला का रे रेडिओ?" काम चालू आहे म्हणतो.

काका व्हॉल्व्ह बदलले की त्याच्या काचेवर पिनांच्या जरा वर पांढऱ्या ऑइलपेंटने बारीक मराठी आकडा घालायचे. माझ्या गेलेल्या 12AX7 पैकी एकावर १ आहे, दुसऱ्यावर २, आणि २ ची शेपटी लांब ओढलेली आहे. कुठे विकायला दिसले तर भाव करू नका, विकणाऱ्याला काही बोलू नका, स्क्रीनशॉट घ्या आणि मला कळवा.