शुक्रवार ते रविवार: एजिना की हायड्रा?

मित्रांसोबत ग्रीक बेटावर दोन रात्री काढायचं ठरलं की ग्रुपमध्ये पहिलं नाव सांतोरिनीचं निघतं. ते आधीच बाजूला ठेवा. अथेन्सच्या पिरेयस बंदरातून सांतोरिनीला जलद बोटीनेही पाच तासांच्या आसपास लागतात, साध्या फेरीबोटीने सात-आठ. विमान पाऊण तासाचं आहे, पण विमानतळावरची थांबाथांब धरली की दोन्ही बाजूंचा अर्धा-अर्धा दिवस गेलाच. अथेन्सला जोडून शनिवार-रविवार काढायचा तर सारोनिक आखातातली बेटं बघावीत. पोरोस गोड आहे पण एका संध्याकाळीत बघून होतं, स्पेत्सेस आणखी लांब. खरी निवड एजिना आणि हायड्रा या दोघांतच उरते.

नुसतं देखणेपण मोजायचं तर हायड्रा पुढे आहे. तरीही दोन रात्रींच्या सहलीत पारडं कुठे झुकतं हे बरंचसं शुक्रवारी तुम्ही पिरेयसला किती वाजता पोचता यावर ठरतं. म्हणून आधी बोटीचं बघू.

बोट आणि घड्याळ

एजिनाला दोन प्रकारच्या बोटी जातात. गाड्या नेणारी मोठी फेरी सुमारे सव्वा तास घेते, माणशी साधारण १० ते १५ युरो. हायड्रोफॉइल (पाण्यावर उचलून धावणारी जलद बोट) ४० मिनिटांत पोचवते, भाडं २० युरोच्या आसपास. फेऱ्या दिवसभर सुटत असतात. एक चुकली तर दुसरी मिळते, आणि उन्हाळ्यात शुक्रवारी उशिरापर्यंत सोय असते. फेरीचं तिकीट ऐनवेळी धक्क्यावर काढलं तरी सहसा चालतं.

हायड्राला पिरेयसहून फक्त जलद बोटी आहेत, हायड्रोफॉइल किंवा कॅटामरान (दोन सांगाड्यांची बोट). दीड ते दोन तास लागतात, एका बाजूचे साधारण ४० युरो. दिवसाच्या फेऱ्या मोजक्या असतात, आसनक्रमांक ठरलेले असतात आणि शेवटची बोट उन्हाळ्यातही संध्याकाळी सात-आठच्या सुमारास सुटते. हिवाळ्यात ती आणखी आधी निघते. जून ते सप्टेंबर शुक्रवार संध्याकाळ आणि रविवार दुपारच्या जागा आधीच संपतात, त्यामुळे जाण्याचं आणि येण्याचं तिकीट एकदमच काढावं. बहुतेक बोटी वाटेत पोरोसला थांबतात. स्थानिक लोक हायड्राला ‘इद्रा’ म्हणतात, घोषणेत तेच ऐकू येईल. पोरोसलाच उतरण्याची चूक नवखे लोक करतात.

आता विमानाचा हिशेब. युरोपातल्या शेंगेन देशातून येत असाल तर पासपोर्टची रांग नाही. लंडन, दुबई किंवा मुंबईहून येत असाल तर तिच्यासाठी किमान तासभर धरा. (ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकांना शेंगेन व्हिसा लागतो. जर्मनी-नेदरलँड्ससारख्या देशांचा निवास परवाना असेल तर वेगळा व्हिसा नको.) विमानतळापासून पिरेयसपर्यंत थेट मेट्रो आहे, ९ युरो, सुमारे तासभर. पण विमानतळावरून ती साधारण ३६ मिनिटांनी एकदा सुटते, आणि एक चुकली की तेवढा वेळ गेला. एक्स-९६ बस चोवीस तास चालते, पण शुक्रवारी संध्याकाळी रहदारीत दीड तासही घेते. बोटी ई-८ गेटच्या आसपासून सुटतात. नेमका गेट तिकिटावर बघा, कारण पिरेयस बंदर अवाढव्य आहे आणि चुकीच्या गेटवरून योग्य गेटपर्यंत सामान घेऊन धावण्यात बोटी सुटतात. त्यासाठी ‘दिमोतिको थिएत्रो’ हे मेट्रोचं शेवटचं स्थानक सोयीचं.

एकूण काय, विमान उतरल्यापासून बोट सुटेपर्यंत तीन ते साडेतीन तास हाताशी हवेत. विमान दुपारी तीन-चारपर्यंत उतरत असेल तर हायड्रा जमतं. सहा वाजता उतरत असेल तर ती रात्र पिरेयसच्या हॉटेलात जाते, आणि हायड्रावर एकच रात्र उरते. एवढ्यासाठी ८० युरोचं जाऊन-येऊन भाडं भरू नये. तेव्हा सरळ एजिना घ्या.

हायड्रा: कोणाला मानवेल

हायड्रावर मोटारी आणि दुचाकी चालत नाहीत, सायकलीलाही बंदी आहे. कचऱ्याच्या गाडीसारखे मोजके अपवाद सोडले तर सगळी ने-आण माणसं, हातगाड्या, खेचरं आणि बोटींवर होते. बंदराभोवती डोंगरउतारावर चढत गेलेली करड्या दगडाची जुनी कप्तानांची घरं, आणि इंजिनांचा आवाज नसल्यामुळे रात्री ऐकू येणारी माणसांची बोलणी, हे दुसरीकडे मिळत नाही. १८२१ च्या ग्रीक स्वातंत्र्ययुद्धात या छोट्या बेटाने मोठं आरमार उभं केलं. नौसेनानी मियाउलिस इथलाच. गायक-कवी लेनर्ड कोहेनने १९६० मध्ये इथे घर घेतलं होतं, त्यामुळे संगीतवेड्या मित्रांना हायड्रा आधीच माहीत असतं.

हेच सौंदर्य पायांकडून वसुली करतं. बंदराच्या पहिल्या दोन गल्ल्या सोडल्या की पायऱ्या सुरू होतात, आणि स्वस्त खोल्या नेमक्या वर असतात. चाकांची बॅग इथे ओझं ठरते, पाठीवरची सॅक आणा. खोली घेण्याआधी मालकाला एकच प्रश्न विचारा: बंदरापासून किती पायऱ्या? ‘पाच मिनिटांवर’ या उत्तरावर थांबू नका. झिजून गुळगुळीत झालेल्या दगडांवर साध्या चपला घसरतात. ग्रुपमध्ये कोणाचा गुडघा दुखत असेल तर हायड्रा त्याच्यासाठी शिक्षा आहे.

पोहण्याचं आधीच स्पष्ट करून घ्या, कारण आपल्या बऱ्याच ग्रुपमध्ये निम्म्यांना पोहता येत नाही. हायड्रा गावाजवळ वाळूचा किनारा नाही. स्पिलिया आणि हायड्रोनेताजवळ खडकावरून किंवा शिडीने थेट खोल पाण्यात उतरायचं असतं. पोहणाऱ्याला स्वर्ग, न पोहणाऱ्याला काठावर बसणं. उथळ पाण्यासाठी पश्चिमेला कामिनी (चालत पंधरा-वीस मिनिटं) किंवा व्लिखोस (पाऊण तास) गाठा. दोन्हीकडे गोटे आहेत, आणि खडकांवर समुद्री साळू असतात, म्हणून पाण्यातले रबरी बूट हवेतच. वॉटर टॅक्सीचं भाडं माणशी नसतं, बोटीमागे असतं. त्यामुळे पाच-सहा जण मिळून गेलात तर परवडते, दोघांना महाग पडते. बिस्ती आणि आयिओस निकोलाओस या लांबच्या किनाऱ्यांना उन्हाळ्यात बंदरातून माणशी भाड्याच्या बोटी जातात. परतीची वेळ चढतानाच विचारा.

चालणाऱ्यांनी सकाळी लवकर प्रोफितिस इलियास मठापर्यंत चढावं. सुमारे ५०० मीटर उंची, वर जायला तास-सव्वा तास, माणशी दीड लिटर पाणी. दहानंतर वाटेवर सावली फारशी मिळत नाही.

एजिना: दिसतं त्यापेक्षा जास्त

एजिनाचं बंदर पहिल्या नजरेला साधंच वाटतं, मोटारी आणि स्कूटरींचा गलबलाट असतो. पण बेट मोठं आहे, हायड्राच्या पावणेदोन पट, आणि दोन दिवसांत कंटाळा येत नाही. वेगवेगळ्या आवडीच्या सहा जणांना सकाळी वेगळं होऊन रात्री एकत्र जेवायला हे बेट फार चांगलं.

मुख्य आकर्षण अफाइया देवीचं मंदिर, इसवी सनपूर्व ५०० च्या सुमाराचं, डोरिक शैलीतलं. बाजूने १२ आणि समोरून ६ खांबांची रचना, त्यातले बरेच खांब उभे आहेत, भोवती पाइनचं रान, आणि हवा स्वच्छ असेल तर थेट अथेन्सपर्यंत नजर जाते. त्याच्या दर्शनी त्रिकोणातली शिल्पं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बव्हेरियात गेली आणि आज म्युनिकच्या ग्लिप्टोथेक संग्रहालयात आहेत. म्युनिककर मराठी मंडळींनी ती आधी बघून यावीत, मोकळ्या चौकटीत काय होतं ते मग कळतं. बंदरावरून आयिया मरिनाची बस मंदिरापाशी थांबते, अर्धा तास. रविवारी फेऱ्या कमी असतात, म्हणून उतरायच्या आधी परतीच्या वेळेचा फोटो काढून ठेवा. मंदिरापासून आयिया मरिनापर्यंत उताराची पायवाट आहे, अर्धा-पाऊण तास. तिथला किनारा वाळूचा आणि उथळ, न पोहणाऱ्यांसाठी हायड्रापेक्षा कितीतरी बरा. गाव मात्र पर्यटकी आहे, मुक्काम तिथे नको. राहावं ते एजिना गावातच: ते पश्चिमेला असल्यामुळे सूर्यास्त समोरच होतो, बंदरालगत कोलोना या प्राचीन वस्तीचे अवशेष आहेत, आणि १८२८ मध्ये नव्या ग्रीसची पहिली राजधानी इथेच होती.

दुसऱ्या दिवशी पेर्दिका हे कोळ्यांचं गाव, नऊ किलोमीटर. तिथून उन्हाळ्यात दहा मिनिटांच्या बोटीने मोनी हे निर्जन बेट, मोर फिरतात तिथे. वेळ उरला तर पालेओखोरा, ओसाड मध्ययुगीन गावातली विखुरलेली छोटी चर्च.

स्कूटर घ्यायची असेल तर परवान्यावर दुचाकीचा वर्ग हवा. भारतीय परवाना असेल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना आधीच काढून आणा, नाहीतर अपघातात विमा हात वर करतो. चौघांना छोटी कार जास्त सुरक्षित, कारण बेटावरचे रस्ते अरुंद आणि वळणाचे आहेत.

पैसे आणि ताट

खोल्यांच्या बाबतीत हायड्रा साधारण दुप्पट महाग. एप्रिल ते ऑक्टोबर दोन्हीकडे सरकारी हवामान कर वेगळा भरावा लागतो, प्रति खोली प्रति रात्र, हॉटेलच्या ताऱ्यांनुसार. ऑनलाइन दाखवलेल्या किमतीत तो बहुधा नसतो, खर्च वाटून घेताना धरा.

जेवणात फरक चवीचा कमी, बिलाचा जास्त. मासे खाणाऱ्यांनी एजिनाच्या मासळीबाजारालगतच्या खानावळी चुकवू नयेत, भाजलेला ऑक्टोपस तिथली खासियत. मेनूवर ताज्या माशाचा भाव बहुधा किलोवर असतो. आधी वजन करून आकडा विचारा, नाहीतर एका माशाचं बिल पूर्ण जेवणाइतकं येतं. शाकाहारी उपाशी राहत नाहीत: फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घोटलेलं घट्ट वरणच, शिवाय टोमॅटोत भाजलेले मोठे पांढरे घेवडे (गिगांतेस), भात भरलेली ढोबळी मिरची (गेमिस्ता). गेमिस्तात कधी खिमा असतो, विचारून घ्या. मांस, दूध, अंडं काहीच नको असेल तर ‘निस्तिसिमो’ म्हणा. उपवासाचं जेवण प्रत्येक खानावळीला माहीत आहे. एजिनाचा पिस्ता बंदरावरच्या टपऱ्यांवरून घ्या.

कधी, आणि परत कसं

मे अखेर, जून आणि सप्टेंबर दोन्ही बेटांना उत्तम. १५ ऑगस्टच्या आसपास (ग्रीसमधला मोठा सण) जागा मिळत नाही. ऑर्थोडॉक्स ईस्टर (२०२७ मध्ये २ मे) हायड्रावर विलक्षण असतो, शुभशुक्रवारी कामिनीत मिरवणूक समुद्रात उतरते, पण खोल्या कित्येक महिने आधी घ्याव्या लागतात.

दोन्ही बेटं एकाच सहलीत जोडू नका. त्यांच्यातली थेट जोडणी भरवशाची नाही, आणि तीन बेटांची एकदिवसीय क्रूझ प्रत्येक ठिकाणी जेमतेम तास-दोन तास देते.

परतीला वारा विचारात घ्या. जोर वाढला की हायड्रोफॉइल आणि छोट्या कॅटामरान आधी थांबतात, मोठ्या फेरीबोटी त्यानंतर बऱ्याच उशिरा. म्हणजे एजिनाहून बहुतेक वेळा निघता येतं, हायड्रावर अडकायला होतं. खलाशांचा संप झाला तर दोन्ही बंद. रद्द झालेल्या बोटीचे पैसे परत मिळतात किंवा तिकीट बदलून मिळतं. चुकलेल्या विमानाची भरपाई कोणी देत नाही. म्हणून हायड्राहून रविवारची शेवटची बोट धरू नका, दुपारची घ्या, आणि विमान सोमवारी सकाळचं ठेवा. एजिनाहून रविवारी रात्रीचं विमान जमतं, फक्त बेट सोडण्याची वेळ विमानाच्या पाच तास आधीची हवी.