घरी बांधलेला फेझर : डिसेंबर ते ऑगस्ट

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात हा फेझर, म्हणजे गिटारचा आवाज फिरता करणारं पायाने चालवायचं पेडल, पहिल्यांदा नीट वाजला. तेव्हापासून घरच्या रियाजात जवळपास रोज आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्राबरोबर अकरा कार्यक्रमांत तो माझ्या पायाखाली होता. एवढ्या वापरानंतर त्याच्याबद्दल ठामपणे काही सांगता येईल असं वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय. ज्यांच्या हाताला सोल्डरिंगची सवय आहे आणि असं पेडल करायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांना पहिल्यांदा हेच सांगेन की या पेडलचा आवाज चार जेफेटमध्ये (व्होल्टेजने ज्याचा रेझिस्टन्स बदलतो असा एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) आहे. डबा, स्विच, महागडे कपॅसिटर यांवर पैसे घालण्याआधी ते चार जेफेट जुळवण्यात दोन संध्याकाळी घाला.

सर्किट एमएक्सआर कंपनीच्या फेज ९० या पेडलचं. हे पेडल १९७४ सालचं, अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरात कीथ बार यांनी केलेलं. एकच नॉब, वेगाचा. आत सहा ऑप-अँप, म्हणजे चिपमधले छोटे अॅम्प्लिफायर (टीएल०७२ ची तीन आयसी), चार जेफेट, मिक्सिंगला एक पीएनपी ट्रान्झिस्टर आणि मूठभर रेझिस्टर-कपॅसिटर. मी हेच निवडलं, कारण हे सर्किट पूर्ण डोक्यात मावतं. रात्री अकराला काही बिघडलं तरी कागद न उघडता कुठे मीटर लावायचा हे कळतं.

आत काय चालतं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. गिटारचा सिग्नल एकामागोमाग चार टप्प्यांतून जातो. प्रत्येक टप्पा आवाज कमीजास्त करत नाही, फक्त वारंवारतेप्रमाणे तो मागे सारतो. शेवटी हा मागे सरलेला सिग्नल मूळ सिग्नलमध्ये मिसळला की जिथे दोन्ही बरोबर उलटे पडतात तिथे आवाज खचतो. चार टप्प्यांना असे दोन खड्डे पडतात. माझ्या बोर्डावर जेफेटला समांतर २२ के चे (के म्हणजे हजार ओहम) रेझिस्टर आणि प्रत्येक टप्प्याला ४७ नॅनोफॅरडचा कपॅसिटर आहे. जेफेट पूर्ण बंद असताना हिशेबाने हे खड्डे साधारण ६४ आणि ३७२ हर्ट्झवर येतात, म्हणजे एक गिटारच्या सगळ्यात जाड तारेच्याही खाली (ती ८२ हर्ट्झची). जेफेटचा रेझिस्टन्स १ के पर्यंत उतरला की तेच खड्डे दीड हजार आणि साडेआठ हजारांच्या आसपास जातात. ही वर-खाली ये-जा म्हणजेच कानाला जाणवणारं फिरणं. आणि ही ये-जा चारही टप्प्यांनी एकाच वेळी, एकाच अंतराने करायला हवी. एक जेफेट मागे राहिला की खड्ड्यांची ये-जा आखूड होते, आणि मग फेझर लावला काय न लावला काय.

आता खरेदीचं. मूळ पेडलमधले २एन५९५२ मी ऑनलाइन मागवले, दहा नग. छपाई सुबक, पाकीट बंद. मीटर डायोडवर लावून पाहिलं तर दहाच्या दहा साधे ट्रान्झिस्टर निघाले. जेफेट असेल तर दोन टोकांत दोन्ही बाजूंनी काहीशे ओहम दिसायलाच हवेत. इथे काहीच नाही. विकणाऱ्याने पैसे परत दिले नाहीत, उत्तरही दिलं नाही. तेव्हापासून आलेला प्रत्येक जेफेट बोर्डाजवळ नेण्याआधी मी मीटरवर घेतो.

मधल्या काळात शेजारच्या मुलाने कॉलेजच्या जुन्या प्रोजेक्टमधले सहा बीएफडब्ल्यू१० दिले. इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये ज्यांनी जेफेटचा आलेख काढलाय त्यांना हा चार पायांचा पत्र्याच्या टोपीचा नग लगेच ओळखू येईल. मोठ्या आशेने लावले, पण सहापैकी दोनच धड चालले. कारण साधं आहे. या नगाला पूर्ण बंद व्हायला ८ व्होल्टपर्यंत लागू शकतात, आणि या सर्किटचा आधार ५.१ व्होल्टच्या झेनरवर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा डायोड) आहे. गेटला, म्हणजे जेफेट उघड-बंद करणाऱ्या पायाला, त्याखाली जाऊन जाऊन जाणार किती! शेवटी २एन५४५७ या जेफेटचे पंचवीस नग घेतले. ते अस्सल निघाले.

जुळवणीची पद्धत सोपी आहे. जेफेटचे पाय तीन : ड्रेन ९ व्होल्टला, गेट ग्राउंडला, सोर्सवरून १० के चा रेझिस्टर ग्राउंडला, आणि सोर्सवर मीटर. येणारा आकडा कागदावर लिहायचा. माझ्या पंचवीसमध्ये १.१ पासून २.३ व्होल्टपर्यंत सगळे होते, एकाच पाकिटातले! पहिल्या संध्याकाळी मी घाई केली आणि तोच नग दोनदा मोजला तर आकडे वेगळे आले. मग लक्षात आलं की चिमटीत धरल्याची ऊब त्याला लागते. बोट सोडलं की शेवटचा आकडा हळूहळू खाली उतरतो, १.६४, १.६३, आणि मग थांबतो. दुसऱ्या संध्याकाळी प्रत्येक नग सॉकेटमध्ये बसवून, हात मागे घेऊन, मिनिटभर थांबून मोजला. त्यातून १.६२, १.६३, १.६३ आणि १.६५ असे चार मिळाले. हेच चार आजही आत आहेत.

बोर्ड मी झिरो पीसीबीवर (भोकं पाडलेला तयार बोर्ड) केला. स्थानिक दुकानात सगळं मिळत नाही, पण अडून काहीच राहिलं नाही. २४ के नव्हता, २२ के लावला. वेगाच्या ऑसिलेटरला (जेफेटना ठरावीक वेगाने वर-खाली हलवणारा भाग) १५ मायक्रोफॅरड हवा होता, तिथे १० आणि ४.७ समांतर लावले. खरी अडचण आली पॉटची, म्हणजे नॉबखालच्या बदलत्या रेझिस्टरची. मूळ पॉट ५०० के रिव्हर्स लॉग. तो मिळाला नाही. साधा लिनिअर लावला तर सगळा वेगवान भाग नॉबच्या शेवटच्या चिमूटभर जागेत कोंबला जातो, बोटाने सापडतच नाही. मग आवाजाच्या नॉबला लागतो तो नेहमीचा लॉग पॉट घेतला आणि त्याची कडेची दोन टोकं अदलाबदल केली. वळण बरोबर मिळालं. फक्त वेग आता डावीकडे वाढतो. आठ महिन्यांत हाताला सवय झाली, पण दुसरा कुणी वाजवायला बसला की सांगावं लागतं.

डबा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात करून घेतला. २ मिलिमीटरचा अॅल्युमिनियमचा पत्रा, वाकवून, वर फूटस्विचला १२ मिलिमीटरचं भोक, दोन बाजूंना गिटारच्या वायरीसाठी पी-३८ जॅकची भोकं. ज्या मामांनी भोकं पाडून दिली त्यांनी डबा उलटसुलट करून विचारलं, "ह्यात काय बसवणार हाईस?" म्हटलं, गिटारचा आवाज फिरवायचं यंत्र आहे. तर म्हणाले, "आवाज फिरवायचा तर पंख्याम्होरं बसून वाजीव की." मला हे फार आवडलं. फेझर ऐकताना ज्या लेस्ली स्पीकरची आठवण येते त्यात हॉर्न खरोखरच गोल फिरतो. गावात जत्रेच्या पाळण्यावर कर्णा लावलेला ज्यांनी ऐकलाय त्यांना हा आवाज आधीपासून माहीत आहे. मामांकडून मी एक जादा भोक पाडून घेतलं, प्रीसेटच्या (बोर्डावरचा छोटा पॉट) बरोबर वर, स्क्रूड्रायव्हर जाईल एवढं. तेच पुढे सगळ्यात जास्त कामी आलं.

कारण बायस, म्हणजे जेफेटच्या गेटवरचं प्रीसेटने लावलेलं मूळ व्होल्टेज. प्रीसेट एका टोकाला नेला की फिरणं गायब, दुसऱ्या टोकाला नेला तरी गायब. मध्ये एक अरुंद पट्टा आहे, तिथे आवाज अचानक जिवंत होतो. तो शोधायला एकच कॉर्ड छेडत राहायचं आणि केसभर केसभर फिरवायचं. डिसेंबरात लावलेला बायस एप्रिलच्या शेवटी किंचित सरकला. खालचा भाग ऐकू येईनासा झाला, आवाज वरच्या वर फिरायला लागला. जेफेट उष्णतेने अंशाला साधारण २ मिलिव्होल्ट हलतो, आणि मांडवातल्या दुपारी डबा हाताला चटका देत होता. झाकण न उघडता भोकातून पाव वळण दिलं, जागेवर आला.

जुलैत मात्र बायसने काम भागेना. आठवडाभर पावसाची रीघ लागलेली, भिंतीसुद्धा ओलसर. एका संध्याकाळी पेडल लावलं तर फिरणं अर्धमेलं, प्रीसेट फिरवला तर अर्ध्या तासाने परत बिघडलेलं. मी जेफेट गेला असं धरून चाललो होतो. बोर्ड उलटा करून टॉर्चखाली धरला तेव्हा दिसलं, की गेटच्या सांध्यांभोवती सोल्डरिंगच्या फ्लक्सचा पिवळा थर तसाच होता आणि दमटपणाने तो चिकट झाला होता. ऑसिलेटरपासून गेटकडे जाणारा रेझिस्टर ३.९ मेगओहमचा आहे. एवढ्या मोठ्या रेझिस्टन्सच्या जागी फ्लक्समधून झिरपणारा जरासा करंटसुद्धा व्होल्टेज हलवतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन ती बाजू दोनदा घासली, हेअर ड्रायरने वाळवली, वर नेलपॉलिशचा पातळ हात दिला. त्यानंतरच्या पावसात एकदाही तक्रार नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात बोर्ड धुऊन घेणं ही फक्त दिसण्याची गोष्ट नाही, हे मला इथे पटलं.

ऑसिलेटरची टकटक हा दुसरा त्रास होता. वेग वाढवला आणि तार न छेडता नुसतं उभं राहिलं की अँपमधून बारीक ठोका यायचा. वेगाच्या पॉटची वायर इनपुटच्या वायरीला चिकटून गेली होती, ती लांबून फिरवली. सप्लायला १०० ओहम आणि १०० मायक्रोफॅरड लावले, ऑसिलेटरच्या आयसीच्या जागी कमी करंट खाणारी टीएल०६२ बसवली. तिन्ही एकदम केल्यामुळे कशाने किती फरक पडला ते वेगळं सांगता येणार नाही, पण ठोका गेला.

बदलांपैकी एक मी कुणालाही करायला सांगेन. मूळ पेडलच्या सुरुवातीच्या आवृत्तीत फीडबॅकचा (पुढचा सिग्नल परत मागे आणणारा) रेझिस्टर नव्हता, नंतरच्या आवृत्तीत आला. मी तो एका छोट्या टॉगलवर घेतला. टॉगल चालू असताना आवाज नाकातून आल्यासारखा, धारदार होतो. बंद केला की गोल, मऊ. भावगीताच्या मागे सुटे सूर वाजवायचे असतील तर मी बंदच ठेवतो. चालू ठेवला की गायकाच्या आवाजाशी भांडण लागतं. लावणीच्या ठेक्यावर तुटक कॉर्ड मारताना मात्र धारच हवी. दुसरा टॉगल मूळ सिग्नल तोडतो, म्हणजे मिसळायला काही उरत नाही आणि शुद्ध व्हायब्रॅटो, म्हणजे सुराची थरथर, मिळतो. तो घरी ऐकायला सुंदर आहे, कार्यक्रमात दोनदाच वापरला.

युनि-व्हाइबचा बदलही करून पाहिला. जपानच्या शिन-ईचं ते पेडल, १९६९ च्या वुडस्टॉक संगीत महोत्सवात गिटारवादक जिमी हेंड्रिक्सकडे होतं. त्यात चार टप्प्यांना चार वेगळे कपॅसिटर असतात : १५ नॅनो, २२० नॅनो, ४७० पिको, ४.७ नॅनो. कपॅसिटरच्या जागी सॉकेट लावून आठवडाभर तसंच वाजवलं. घोळदार, पाण्याखालून आल्यासारखा आवाज आला, पण जो धपापणारा ठोका मला हवा होता तो नाही आला. तो त्या पेडलमधल्या बल्ब आणि फोटोसेलमुळे येतो. बल्ब पेटायला-विझायला जो वेळ घेतो, तो जेफेट कुठून आणणार! परत चारही ४७ नॅनोचे लावले आणि समाधान झालं.

वापरताना लक्षात आलेलं आणखी एक. ओव्हरड्राइव्हच्या (आवाज खरखरीत करणारं पेडल) आधी ठेवला तर फेझर शांतपणे मिसळून जातो, नंतर ठेवला तर लाटांसारखा अंगावर येतो. माझा आधी असतो. आमच्या की-बोर्डवाल्या मित्राने ऑर्गनचा आवाज यातून घालून पाहिला तेव्हा तो फाटला. जेफेट लहान सिग्नललाच रेझिस्टरसारखा वागतो, की-बोर्डचा सिग्नल त्याला झेपत नाही. व्हॉल्यूम चतुर्थांशावर आणल्यावर भक्तिगीतांच्या मेडलीत तो इतका छान बसला, की आता त्यालाही एक हवाय.

अडॅप्टरबद्दल सावध राहा. पेडलला अडॅप्टरच्या पिनच्या मध्ये ऋण (मायनस) लागतं, आणि घाईत घेतलेल्या एका अडॅप्टरला मध्ये धन होतं. एका हळदीच्या कार्यक्रमात तो लावला गेला. सप्लायच्या वाटेत लावलेल्या, उलटा करंट अडवणाऱ्या एका शॉटकी डायोडने आतलं सगळं वाचवलं. तो डायोड दोन-तीन रुपयांचा आहे, विसरू नका.

एकूण खर्च साधारण १,५०० रुपये झाला, त्यात बुडालेले जेफेटही आले. उरलेले एकवीस अस्सल नग जुन्या कॅलेंडरच्या पानावर टेपने चिकटवून ठेवलेत, प्रत्येकाखाली पेन्सिलीने त्याचा आकडा. त्यात १.८७ ते १.८९ मधले चार आहेत. मित्राचा बोर्ड त्यांच्यावर करायचा. या वेळी आधी धुऊन, मग डब्यात.