पहिली फेरी की दुसरी? बेळगावातून एमबीएचा अर्ज करताना

अमेरिकेतील बहुतेक नामांकित बिझनेस स्कूल एमबीएचे अर्ज फेऱ्यांमध्ये घेतात आणि कोणत्या फेरीत अर्ज करावा हा पेच पडतो. पहिल्या फेरीची मुदत सप्टेंबरमध्ये, दुसरीची जानेवारीच्या प्रारंभी आणि तिसरीची मार्च-एप्रिलमध्ये संपते. हार्वर्डने मात्र नेहमीच्या एमबीएसाठी पहिल्या दोनच फेऱ्या ठेवल्या आहेत. आयआयएमसारख्या भारतीय संस्थांसाठी कॅट ही प्रवेश परीक्षा देणाऱ्यांपुढे हा पेच नसतो, कारण ती वर्षातून एकदाच, नोव्हेंबरच्या अखेरीस होते.

पहिल्या फेरीचा खरा लाभ म्हणजे पुढे मिळणारा अवधी. निकाल साधारणतः डिसेंबरमध्ये लागतो, त्यामुळे शैक्षणिक कर्ज, तारणाची कागदपत्रे आणि व्हिसाच्या मुलाखतीसाठी मुंबई, चेन्नई किंवा हैदराबादची वारी यांसाठी ऑगस्टपर्यंत सात-आठ महिने हाती राहतात. शेतजमिनीच्या उताऱ्यावर अजून आजोबांचेच नाव असेल, तर हा अवधी किती मोलाचा हे सीमाभागातील कुटुंबांना सांगायला नको. नकार आला तरी इतर संस्थांची दुसरी फेरी उरते. मात्र मधले दोन-तीन आठवडे निबंध नव्याने लिहायला अपुरे पडतात, म्हणून ते नोव्हेंबरमध्येच तयार असावे लागतात.

या लाभाची किंमत पावसाळ्यात मोजावी लागते. जीमॅट या प्रवेश परीक्षेचा मनासारखा गुण जुलैअखेर हाती हवा. दोन प्रयत्नांमध्ये किमान 16 दिवसांचे अंतर सक्तीचे असल्याने ऑगस्टमध्ये परीक्षा बिघडली, तर फेरपरीक्षा, निबंध आणि गणेशोत्सव एकाच वेळी अंगावर येतात. गुण पाच वर्षे ग्राह्य धरले जात असल्यामुळे परीक्षा आदल्या वर्षीच उरकणे अधिक शहाणपणाचे ठरते.

माझ्या मते निर्णय गुणांपेक्षाही शिफारसपत्रावर अवलंबून ठेवावा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एखाद्या फाउंड्रीत किंवा हायड्रॉलिक्सच्या कारखान्यात काम करणाऱ्या अभियंत्याला मालक मोठ्या आपुलकीने सांगतात, “तूच लिही की, मी सही करतो.” ही आपुलकी महागात पडते, कारण शिफारस करणाऱ्यानेच ऑनलाइन फॉर्म भरून प्रश्नांची उत्तरे स्वतः लिहावीत अशी या संस्थांची अट असते. तुम्ही नेमके कोणते काम निभावले आणि कोठे कमी पडलात, हे त्यांच्याशी सावकाश बसून बोलायला दोन महिने लागू शकतात. त्या मानाने गुणपत्रिकांचे काम सोपे आहे. व्हीटीयूचे (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे) पदवीधर असाल, तर विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावजवळच्या मच्छेतच आहे.

दुसऱ्या फेरीत जागा उरत नाहीत, ही समजूत अतिशयोक्त आहे. या फेरीतही वर्गाचा मोठा भाग भरला जातो. शिष्यवृत्तीचा निधी पहिल्या फेरीत अधिक मोकळा असू शकतो, पण त्यासाठी कच्चा अर्ज पाठवणे मला पटत नाही. नोकरीत सप्टेंबरनंतर बढती किंवा नवी जबाबदारी मिळणार असेल, तर थांबणेच हिताचे.

तिसऱ्या फेरीत जागा थोड्या असतात आणि निकाल मे महिन्याच्या सुमारास लागल्याने व्हिसासाठी फारच कमी वेळ उरतो. भारतातून अर्ज करणाऱ्याने ती टाळावी.

हैदराबादच्या आयएसबीचे (इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचे) गणित थोडे निराळे आहे. तेथील एक वर्षाच्या अभ्यासक्रमाच्या फेऱ्या साधारणतः सप्टेंबर ते जानेवारीदरम्यान आटोपतात आणि व्हिसाचा प्रश्नच नसल्याने उशिराच्या फेरीचा धोका तुलनेने कमी असतो.

ऑगस्टच्या मध्यावर गुण हाती आहेत, निबंधही तयार आहेत, पण साहेबांनी शिफारशीची लिंक अजून उघडलेलीसुद्धा नाही, अशी स्थिती असेल तर मी जानेवारीच निवडेन.