तास घ्यायचा की सही करायची? लॉ कॉलेजच्या प्राध्यापकाला प्रिन्सिपलची खुर्ची मिळत असेल तर

संस्थेच्या चेअरमननी चहाला बोलावून ‘आता तुम्हीच बसा त्या खुर्चीवर’ म्हटलं, की माणूस घरी येऊन आधी पगाराचा हिशेब मांडतो. मीही मांडला होता. बेळगाव जिल्ह्यातल्या एका लॉ कॉलेजात दीड वर्ष प्रभारी प्राचार्य होतो, मग आपणहून वर्गात परतलो. निपाणी-खानापूरकडचे एक-दोघे सध्या याच पेचात आहेत, त्यांच्यासाठी दोन्ही बाजू मांडतो.

पैशाचं लगेच उरकू. सातव्या वेतन आयोगानंतर केंद्राने ठरवलेला प्राचार्याचा विशेष भत्ता पदवी कॉलेजात महिना ४,५०० रुपये, पदव्युत्तर कॉलेजात ६,७५०. तोही संस्था यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, वेतनश्रेणी देत असेल तर. विनाअनुदानित कॉलेजात आकडा चेअरमनच्या डायरीत असतो. एवढ्यात येणाऱ्या-जाणाऱ्यांचा चहा निघतो, फार तर.

पात्रता यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत आहे: पीएच.डी., १५ वर्षांचा अनुभव, किमान १० शोधनिबंध आणि संशोधनाचे ११० गुण. मुदत ५ वर्षं, काम तपासून आणखी एकदा मिळू शकते. आपल्याकडे कुणी फारसं न वाचलेलं कलम पुढेच आहे: मुदत संपली की माणूस आपल्या मूळ संस्थेत प्रोफेसर म्हणून परततो. म्हणजे परतीची वाट कागदावर तरी आहे. ती तुमच्या नेमणूकपत्रात लिहून घ्या; तोंडी शब्द नवी कार्यकारिणी आली की संपतो.

वकिलीच्या सनदेचं काय, असंही विचारतात. पूर्णवेळ शिक्षकाला दोन्हीकडे वकिली बंदच, त्यामुळे तो मुद्दा तुलनेत येत नाही. सनद ठेवून दिवसाला तीन तासांपर्यंत शिकवायची मुभा १९७९ च्या नियमांनी वकिलांना आहे. उच्च न्यायालयाचं धारवाडचं खंडपीठ २०१३ पासून कायम झालं आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच बसू लागलं, तेव्हा चाळिशीच्या आतल्याने वकिली करत थोडे तास शिकवायची ही तिसरी वाटही डोक्यात ठेवावी.

खरा फरक मला हजेरीपटाने दाखवला. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांतला बारावा नियम तुम्हाला पाठच असेल. प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी. अपवादात्मक कारण असेल तर प्राचार्य ६५ पर्यंत सूट देऊ शकतो, पण सगळे विषय मिळून ७० भरले पाहिजेत, आणि अशा मुलांची यादी कारणांसह बार कौन्सिलला जाते. प्राध्यापक होतो तेव्हा अशा पोरांसाठी मी प्राचार्यांच्या केबिनमध्ये तावातावाने भांडायचो. भांडून बाहेर पडलो की माझं काम संपायचं.

मग त्या टेबलामागे मी बसलो आणि खानापूरच्या जंगलपट्ट्यातला एक मुलगा आईला घेऊन आला. कॉन्ट्रॅक्टच्या विषयात हजेरी ६४ टक्के. “पावसात बसच येत नाही वो सर, ओढा भरला की तिकडची माणसं तिकडंच,” आई सांगत होती. पायाशी रताळ्यांची पिशवी. कॉन्ट्रॅक्टच्या मॅडम दारात उभ्या, मस्टरवर एक दिवस वाढवायला तयार. ते होऊ दिलं असतं तर पुढच्या वर्षी तसे वीस जण आले असते आणि मॅडमची नोकरी माझ्या हाती राहिली असती. मी नाही म्हटलं. मुलगा त्या विषयाला पुढच्या खेपेला बसला. आई जाताना पिशवी टेबलाजवळ ठेवूनच गेली, संध्याकाळी शिपायाने विचारलं, “सर, ह्याचं काय करायचं?” (नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हजेरीअभावी लॉच्या विद्यार्थ्याला परीक्षेपासून अडवू नये असा निकाल दिला. तेव्हा असा निकाल असता तर निदान त्याच्या आधारे हुबळीला राज्याच्या लॉ विद्यापीठाकडे पत्र तरी धाडलं असतं.)

आता वर्गाची बाजू. यूजीसीच्या हिशेबात सहयोगी प्राध्यापकाला आणि प्रोफेसरला आठवड्याला १४ तास प्रत्यक्ष शिकवायचे. जमीन महसुलाचा पेपर मी पोरांना घरचे उतारे आणायला सांगून सुरू करतो. चंदगडचा पोरगा मराठी सातबारा आणतो, शेजारच्या बाकावरची बेळगाव तालुक्यातली मुलगी कन्नड आरटीसी, म्हणजे तिकडचा सातबारा. एकाला महाराष्ट्राची १९६६ ची संहिता लागू, दुसरीला कर्नाटकाचा १९६४ चा अधिनियम, आणि दोघांच्या शेतांत अंतर पंधरा-वीस किलोमीटरचं. वारसाची नोंद कुठल्या रकान्यात सापडते यावर दोघं अर्धा तास भांडतात. दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात हा तास असा रंगेल? खुर्चीवर गेलात की हे पहिलं सुटतं.

भाषेचा मुद्दा मात्र आपल्याकडे उघड बोलत नाहीत. प्राध्यापकाचं इंग्रजीवर भागतं. अडलेल्या पोराला मराठीतून सांगता येतं, बाजारापुरतं कन्नड बोललं तरी चालतं. प्राचार्याकडे सरकारी परिपत्रकं येतात ती कन्नडमध्ये. बैठकीत उत्तर द्यायचं तेही त्याच भाषेत. कन्नड सफाईने वाचता येत नसेल तर प्रिन्सिपल तुम्ही नसता, हेडक्लार्क असतो. मी सहा महिने रात्री परिपत्रकं वाचायला शिकलो, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या सहा महिन्यांत काय काय सही करून बसलो ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

आणि १ नोव्हेंबर. प्राध्यापक त्या दिवशी घरी काय करतो, कुठे जातो, हा त्याचा प्रश्न. प्राचार्याला कॉलेजच्या आवारात कर्नाटकाच्या स्थापनेच्या राज्योत्सवाला सगळ्यांसमोर उभं राहावं लागतं, त्याच वेळी गावात मराठी माणसं काळा दिन पाळत असतात. पदाचं कर्तव्य म्हणून मी उभा राहिलो. संध्याकाळी गल्लीतल्या एका काकांनी नमस्कार घेतला नाही. ज्याला हे झेपणार नाही त्याने दुसरं काही तोलायची गरज नाही, सरळ नाही म्हणावं.

खुर्चीवर बसून माणूस विद्वान राहूच शकत नाही, असंही नाही. बाबासाहेब आंबेडकर १९२८ मध्ये मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात शिकवू लागले आणि जून १९३५ ते १९३८ तिथेच प्राचार्य होते. येवल्याची घोषणा, स्वतंत्र मजूर पक्ष, १९३७ ची निवडणूक, सगळं त्याच काळातलं. शिवाय १९३६ मध्ये कॉलेजच्या मासिकात कायदेशिक्षण कसं सुधारावं यावर त्यांनी सविस्तर लिहिलं. तुम्ही म्हणाल, ते बाबासाहेब होते. बरं, मग सत्यरंजन साठे घ्या. पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजचे ते १९७६ ते १९९१ प्राचार्य होते आणि प्रशासकीय कायद्यावरचं त्यांचं लेखन आजही आपण वर्गात वापरतो.

माझ्या मते पन्नाशी ओलांडलेल्या, कन्नड येणाऱ्या आणि लिहिण्याची घाई संपलेल्या माणसाने खुर्ची घ्यावी. पीएच.डी.चे पहिले विद्यार्थी हाताखाली आलेत, पुस्तक अर्धं झालंय, अशाने पाच वर्षं थांबावं. खुर्ची कुठे जात नाही, ती कुणाला फार काळ नकोच असते.

घेणार असाल तर चेअरमनसमोर तीन गोष्टी कागदावर मागा: प्रवेशाच्या यादीवर अखेरची सही कुणाची, परतीची जागा कुठली, आणि आठवड्यातून एक तास तुमचाच. मी तिसरी गोष्ट तोंडी ठरवली होती. सोमवारी सकाळी आठचा तास. पहिल्याच महिन्यात तो तीनदा रद्द झाला. चौथ्या सोमवारी गेलो तर टाइमटेबलवर माझ्या नावावर पांढरी पट्टी चिकटवलेली होती.