केबल जोडायची की डिस्क काढायची?

सीडी ड्राइव्हची लेन्स गेलेली, बायोसच्या बूट यादीत यूएसबीचं नावच नाही, अशा लॅपटॉपवर लिनक्स टाकायचं म्हटलं तर मला तरी दोन वाटा दिसल्या. लॅन केबल लावून दुसऱ्या मशीनवरून पीएक्सई बूट करायचं, म्हणजे डिस्कऐवजी नेटवर्कवरून लॅपटॉप उठवायचा, नाहीतर हार्ड डिस्क काढून दुसऱ्या लॅपटॉपला जोडायची, तिथं इन्स्टॉल करायचं आणि परत बसवायची. जुनी विंडोज अजून उठत असेल तर विंडोजमधूनच बसवता येणारं युनेटबूटिन नाहीतर प्लॉप बूट मॅनेजर वापरा, पुढचं वाचायची गरज नाही. आमच्याकडे 'एनटीएलडीआर इज मिसिंग' (विंडोज उठवणारी फाईलच सापडत नाही) याच्या पुढं काही येतच नव्हतं.

मशीन भाऊजींचं. पेंटियम एम, ५१२ एमबी रॅम, ४० जीबीची जुन्या आयडीई जोडणीची डिस्क. बॅटरी कधीच मेलेली, म्हणजे वायर निघाली की लॅपटॉप बंद.

पीएक्सईचा नाद मला आधी लागला, कारण काही उघडावं लागत नाही. चांगल्या लॅपटॉपवर टाकलेला डीएनएसमास्क हा प्रोग्रॅम एकटाच डीएचसीपी (आयपी पत्ता देणं) आणि टीएफटीपी (बूट फाईल पाठवणं) दोन्ही बघतो. डेबियन १२ या लिनक्सची ३२ बिटवाली नेटबूट फाईल सोडवून फोल्डरमध्ये ठेवली, चार-पाच ओळींचं कॉन्फिग, झालं. (डेबियन १३ पासून ३२ बिटचा इन्स्टॉलरच मिळत नाही, तेव्हा १२ च घ्या, नाहीतर अँटीएक्स हे हलकं लिनक्स.) पहिल्या दिवशी स्क्रीनवर 'पीएक्सई-ई५३, नो बूट फाइलनेम रिसीव्ह्ड'. घरच्या राउटरनं मध्येच तोंड घालून स्वतःच आयपी देऊन टाकला होता. बूट फाईल कुठली ते त्याला काय ठाऊक! डीएनएसमास्कला प्रॉक्सी मोडमध्ये (आयपी राउटर देतो, बूट फाईल तो) ठेवता येतं, पण मी राउटरच बाजूला केला, दोन्ही लॅपटॉप एका केबलनं जोडले आणि इंटरनेट मोबाईलवरून दिलं. लगेच मेनू आला.

आणि खरं सांगायचं तर काम म्हणून हीच पद्धत जास्त शहाणी आहे. इन्स्टॉलर त्याच मशीनवर चालतो, त्यामुळं प्रोसेसर ओळखून कर्नल (लिनक्सचा गाभा) तोच निवडतो, नेटवर्क कार्ड तोच शोधतो. तुमच्याकडे चुकायला फार जागा राहत नाही.

पण मी राहतो खानापूर तालुक्यात, आणि दिवस मिरगाचे होते. नेटबूट म्हणजे जवळजवळ सगळी पॅकेजेस इंटरनेटवरून यायची. जुनी डिस्क, मोबाईलचं नेट, दोन-अडीच तास सहज जातात. पहिल्या संध्याकाळी बेस सिस्टीम बसून डेस्कटॉपची पॅकेजेस उतरत होती आणि लाईट गेली. दुसऱ्या दिवशी वारं सुटलं, परत गेली. इन्स्टॉलरला मधून सुरू करणं माहीत नाही. पार्टिशनपासून पुन्हा पहिला पाढा. आमच्या इन्व्हर्टरवर दोन दिवे आणि एक पंखा, तिथं लॅपटॉपची वायर लावायला गेलो तर आईनं पंख्याकडं बोट दाखवलं. तिसऱ्या संध्याकाळी ग्रब, म्हणजे लिनक्स उठवणारा प्रोग्रॅम, टाकायची वेळ आली होती. फक्त ग्रब! तेवढ्यात गेली ती रात्री साडेअकराला आली.

दुसऱ्या दिवशी बेळगावला जाऊन टिळकवाडीतल्या एका ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडून आयडीई-टू-यूएसबी ॲडॉप्टर उसना आणला. डिस्क काढायला दोनच स्क्रू, त्याची भीती उगाच होती. डोकं खाल्लं ते पिनांनी. लॅपटॉपच्या आयडीई डिस्कला ४४ पिना आणि शेजारी थोडी जागा सोडून जम्परच्या ४. मी अंदाजानं दाबलेला ॲडॉप्टर त्या चारांवर सरकला होता. दोन पिना वाकल्या, सुईनं सरळ केल्या. ती मधली जागा टॉर्च लावून बघा, मगच दाबा.

इथं चुका करायला जागा भरपूर आहे, हे मान्य. चांगल्या लॅपटॉपवर इन्स्टॉलर लेगसी, म्हणजे जुन्या बायोसच्या मोडमध्येच सुरू करायला हवा. यूईएफआय या नव्या पद्धतीत केलात तर जुनं मशीन ती डिस्क उठवणारच नाही, आणि अगदी नव्या लॅपटॉपवर लेगसी असतोच असं नाही. ग्रब कुठल्या डिस्कवर जातोय ते डोळे उघडे ठेवून वाचा, नाहीतर चांगल्या लॅपटॉपचीच विंडोज उठायची बंद होईल. एक्स्पर्ट मोडमध्ये कर्नल साधा ६८६ घ्या, ६८६-पीएई नको, कारण काही पेंटियम एमना पीएई (जास्त रॅम वापरायची सोय) झेपत नाही. आणि ड्रायव्हर 'सगळे' ठेवा. 'फक्त या मशीनचे' म्हटलंत तर ते दुसऱ्याच मशीनचे असतील.

एवढं सगळं सांभाळायचं, तरी मी कुणी विचारलं तर डिस्कच काढ म्हणतो. इन्स्टॉल चालू असताना त्या दिवशीही लाईट गेलीच. चांगल्या लॅपटॉपला बॅटरी होती, ॲडॉप्टर त्याच्याच यूएसबीवर, नेट मोबाईलचं. मी मेणबत्ती लावली आणि टक्केवारी बघत बसलो. तुम्ही शहरात असाल, घरी यूपीएस असेल किंवा स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यायला नको वाटत असेल, तर पीएक्सईला माझी काही हरकत नाही.

लॅपटॉप आता भाचीकडं आहे. आयबसमध्ये (लिनक्सवर टायपिंगची भाषा बदलायची सोय) मराठी आणि कन्नड, दोन्हींचे इनस्क्रिप्ट कीबोर्ड लावून दिलेत. क ची की दोन्हीकडं एकच, त्यामुळं ती शाळेचं कन्नड आणि घरचं मराठी एकाच बोटांनी टाइप करते. ॲडॉप्टर मात्र अजून माझ्याकडंच आहे, दुरुस्तीवाल्याचा दोनदा फोन येऊन गेला.