सिकलसेल: रोजची कॅप्सूल, भावंडाचा बोनमॅरो की जनुक-उपचार?

८ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेने सिकलसेलवरच्या दोन जनुक-उपचारांना एकाच दिवशी मंजुरी दिली. तेव्हापासून 'एसएस पॅटर्न'चं, म्हणजे आई आणि वडील दोघांकडूनही सिकलसेलचं जनुक आलेलं मूल असलेल्या घरांतून एकच प्रश्न ऐकू येतो: मग आता हायड्रॉक्सीयुरियाची रोजची कॅप्सूल कशाला? थांबू या, पैसे जमवू या, थेट जनुकावरच इलाज करू या.

माझं उत्तर आधीच सांगते. कॅप्सूल डॉक्टरांना विचारून लगेच सुरू करा. सख्ख्या भावंडांची बोनमॅरोसाठीची जुळणी याच वर्षी तपासून घ्या. जनुक-उपचाराच्या बातम्या जरूर वाचा, पण त्याची वाट बघत पहिली दोन कामं लांबवू नका. असं का म्हणते, ते तिन्ही उपाय शेजारी शेजारी ठेवले की कळेल. हे सगळं एसएस रुग्णांसाठी आहे. एएस म्हणजे वाहक, ज्यांच्याकडे हे जनुक एकाच पालकाकडून आलेलं असतं. त्यांना यातल्या कशाचीच गरज नसते.

तिघांचा शत्रू एकच

अकराव्या गुणसूत्रावरच्या बीटा-ग्लोबिन जनुकात एका अक्षराची अदलाबदल होते. त्यामुळे प्रथिनाच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. व्हर्नन इनग्रॅम यांनी केंब्रिजमध्ये १९५६-५७ साली हे दाखवून दिलं. एवढ्याशा फरकाने ऑक्सिजन कमी पडताच हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे बनतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. हातापायाच्या असह्य कळा, पानथरी निकामी होणं, खुब्याचं हाड झिजणं, कोवळ्या वयात अर्धांगवायू हे सगळं तिथूनच येतं.

या आजाराचा तोड मात्र फार आधी दिसला होता. ब्रुकलिनच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांच्या १९४८ सालीच लक्षात आलं की सिकलसेलच्या बाळांना पहिले काही महिने फारसा त्रास होत नाही, कारण त्यांच्या रक्तात अजून गर्भातलं हिमोग्लोबिन असतं. रिपोर्टवर ते 'एचबीएफ' म्हणून लिहिलेलं असतं. ते दोरे बनू देत नाही. पुढे ते कमी होत गेलं की आजार डोकं वर काढतो. साधी कॅप्सूल आणि क्रिस्पर या जनुक कापणाऱ्या तंत्राचा कोट्यवधींचा उपचार हे दोन्ही याच एचबीएफला परत आणायचा प्रयत्न करतात. हे ध्यानात आलं की कॅप्सूल 'जुनाट' वाटेनाशी होते.

हायड्रॉक्सीयुरिया

रोज तोंडाने घ्यायचं औषध. अमेरिकेत १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत मोठ्या माणसांमधल्या वेदनेच्या झटक्यांचं प्रमाण सुमारे ४४ टक्क्यांनी घटलं, आणि १९९८ साली सिकलसेलसाठी औषधाला तिथे मंजुरी मिळाली. २०१४च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनी तर नऊ महिन्यांपुढच्या प्रत्येक एसएस बाळाला, त्रास होत असो वा नसो, ते देऊ करावं असं सांगितलं.

आपल्याकडच्या माणसांना दोन अभ्यास अधिक जवळचे वाटतील. एक नागपूरचा. डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी गंभीर त्रास असलेल्या मुलांना किलोमागे रोज १० मिलिग्रॅम एवढाच ठरलेला डोस देऊन पाहिला आणि तेवढ्यावरही झटके व रक्त चढवण्याची गरज चांगलीच कमी झाली. तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. कमी डोस म्हणजे पांढऱ्या पेशी घसरण्याची भीती कमी, आणि जिथे रक्ततपासणीसाठी अर्धा दिवस मोडून तालुक्याला जावं लागतं तिथे हे फार महत्त्वाचं. दुसरा अभ्यास आफ्रिकेतला, अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडा या चार देशांतला, २०१९चा. हायड्रॉक्सीयुरिया सुरू केल्यावर मुलांमधले झटके आणि मृत्यू तर कमी झालेच, मलेरियाही कमी झाला. गडचिरोलीत राहणाऱ्याला यापुढे आणखी काय सांगायचं?

'भारतीय सिकलसेल सौम्य असतो' असं काही ठिकाणी अजून ऐकवलं जातं. आपल्या रुग्णांमध्ये एचबीएफ सरासरीने जास्त असतं हे खरं. पण नागपुरात जन्मापासून पाठपुरावा केलेल्या मुलांमध्ये आजार पुरेसा गंभीर दिसला आहे. सौम्य म्हणून औषध टाळू नका.

उणी बाजूही आहे. या औषधाने आजार मुळापासून जात नाही. औषध बंद केलं की एचबीएफ पुन्हा उतरतं. परिणाम दिसायला काही महिने लागतात, आणि नेमक्या त्याच काळात 'काही फरक पडेना' म्हणून कॅप्सूल सुटते. सुरुवातीला दर काही आठवड्यांनी, नंतर दोन-तीन महिन्यांनी रक्तपेशी मोजाव्या लागतात. पुरुषांमध्ये शुक्राणूंची संख्या घटू शकते, आणि मूल होऊ द्यायचं ठरवताना औषधाबद्दल डॉक्टरांशी आधी बोलावं लागतं. ज्यांना नियमित घेऊनही फरक पडत नाही असे रुग्णही असतात. पुढच्या दोन उपायांचा विचार खरा त्यांच्यासाठी.

मधल्या काळात आलेल्या दोन नव्या औषधांचं काय झालं, तेही सांगायला हवं. व्हॉक्सेलोटॉर आणि क्रिझानलिझुमॅब या दोघांनाही अमेरिकेत २०१९ साली मंजुरी मिळाली. २०२३ साली युरोपने क्रिझानलिझुमॅबची परवानगी काढून घेतली. २०२४च्या सप्टेंबरमध्ये व्हॉक्सेलोटॉर त्याच्या कंपनीनेच जगभरातून मागे घेतलं. नवं औषध आलं म्हणून जुनं सोडणाऱ्यांनी ही दोन उदाहरणं लक्षात ठेवावीत.

बोनमॅरो प्रत्यारोपण

आज भारतात बसून सिकलसेल पूर्ण बरा करण्याचा रुळलेला मार्ग हाच. रुग्णाचा स्वतःचा बोनमॅरो केमोथेरपीने रिकामा करायचा आणि जुळणाऱ्या माणसाच्या मूळपेशी द्यायच्या. पूर्ण जुळणाऱ्या सख्ख्या भावंडाकडून झालेल्या हजार प्रत्यारोपणांचा आंतरराष्ट्रीय आढावा २०१७ साली आला: पाच वर्षांनंतर ९३ टक्के रुग्ण जिवंत होते आणि ९१ टक्के आजारमुक्त. वय जितकं कमी, तितका निकाल चांगला. सोळाव्या वर्षी, खुबा गेल्यावर आणि पन्नास वेळा रक्त चढवून झाल्यावर केलेलं प्रत्यारोपण आणि सहाव्या वर्षी केलेलं प्रत्यारोपण यांत फार अंतर आहे.

अडचण दात्याची. एका सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. ते भावंड स्वतः एसएस असून चालत नाही. आई-वडील दोघेही वाहक असतील तर एखादं भावंड जुळणारं आणि एसएस नसलेलं असण्याची शक्यता शंभरात साधारण १९ येते. ऊतक-जुळणीची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर आणि सिकलसेलचं जनुक अकराव्यावर असल्यामुळे दोन्ही शक्यतांचा सरळ गुणाकार होतो. वाहक, म्हणजे एएस भाऊ किंवा बहीण दाता होऊ शकते. हे अनेकांना ठाऊक नसतं. 'तिलाही सिकल आहे' म्हणून वाहक बहिणीची तपासणीच होत नाही, ही मला सगळ्यात जास्त हळहळ लावणारी गोष्ट आहे.

भावंड जुळलं नाही तर अर्ध-जुळणी उरते: आई, वडील, कुणीही. हा मार्ग पूर्वी फार धोक्याचा होता. अलीकडे प्रत्यारोपणानंतर सायक्लोफॉस्फमाइड हे औषध देण्याच्या पद्धतीने चित्र पालटलं. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत ४२ प्रौढांपैकी ९५ टक्के दोन वर्षांनी जिवंत होते आणि ८८ टक्क्यांमध्ये दात्याच्या पेशींचं कलम टिकून आजार गेलेला होता. तरीही धोका विसरू नका. कलम न रुजणं, जंतुसंसर्ग, आणि दात्याच्या पेशींनी रुग्णाच्याच त्वचेवर, आतड्यांवर, यकृतावर हल्ला करणं हे सगळं घडतं, आणि काही रुग्णांना ते महिनोन् महिने भोगावं लागतं.

खर्च लाखांत जातो. सरकारी योजना आणि मदतनिधी यांतून मोठा भाग उभा राहू शकतो, पण त्यासाठी समाजसेवा विभागाकडे प्रत्यारोपणाच्या आधीच जावं लागतं.

कॅसगेव्ही आणि लिफजेनिया

सुरुवातीला सांगितलेले दोन जनुक-उपचार ते हेच. दोन्हींत रुग्णाच्याच मूळपेशी काढतात, प्रयोगशाळेत बदलतात, आणि केमोथेरपीनंतर परत देतात. दाता लागत नाही, त्यामुळे दात्याच्या पेशींचा हल्लाही नाही. हा खरा आणि मोठा फायदा.

बदल मात्र वेगवेगळा. एचबीएफ बंद करणारं बीसीएल११ए हे जनुक २००८ साली हार्वर्डच्या स्टुअर्ट ऑर्किन यांच्या गटाने हुडकलं होतं. कॅसगेव्हीमध्ये क्रिस्परच्या कात्रीने या जनुकाचा फक्त तांबड्या पेशींत चालणारा नियंत्रक भाग तोडला जातो, आणि एचबीएफ पुन्हा वाहू लागतं. सिकलसेलचं मूळ चुकीचं अक्षर तसंच राहतं. लिफजेनियामध्ये निष्प्रभ केलेल्या विषाणूच्या वाहनातून दोरे न बनू देणारं एक जास्तीचं बीटा-ग्लोबिन जनुक पेशीत सोडतात.

निकाल पाहू. कॅसगेव्हीच्या चाचणीत मोजता आलेल्या ३१ पैकी २९ रुग्णांना सलग किमान वर्षभर एकही तीव्र झटका आला नाही. लिफजेनियात ३२ पैकी २८ जणांचे झटके सहाव्या ते अठराव्या महिन्यादरम्यान पूर्ण थांबले. या दोन आकड्यांची थेट तुलना करू नये, कारण मोजण्याची रीत वेगळी होती. पण एक फरक निर्विवाद आहे: लिफजेनियाच्या सुरुवातीच्या चाचणीतल्या दोन रुग्णांचा रक्ताच्या कर्करोगाने मृत्यू झाला, आणि औषधावर रक्ताच्या कर्करोगाचा ठळक इशारा छापावा लागतो. कॅसगेव्हीवर तसा इशारा नाही. दोघांतून निवडायची वेळ आलीच तर मी कॅसगेव्हीच्या बाजूने झुकेन.

बातम्यांत जे क्वचितच येतं ते म्हणजे बुसल्फान. दोन्ही उपचारांत बोनमॅरो रिकामा करायला ही तीव्र केमोथेरपी लागते. ती मूल होण्याची क्षमता हिरावू शकते. क्रिस्परच्याच पुढच्या पिढीतल्या एका उपचाराच्या चाचणीत २०२४ साली एका रुग्णाचा श्वसन बंद पडून मृत्यू झाला, आणि त्याचा संबंध जनुकातल्या बदलाशी नव्हे, बुसल्फानशी जोडला गेला. बुसल्फानच्या आधी महिनोन् महिने रक्त चढवणं, पेशी गोळा करण्याच्या अनेकदा एकाहून जास्त फेऱ्या, पेशी तयार होईपर्यंत काही महिन्यांची प्रतीक्षा, आणि मग चार ते सहा आठवडे रुग्णालय. मंजुरीही फक्त १२ वर्षांपुढच्या, वारंवार झटके येणाऱ्या रुग्णांसाठी होती. नेमक्या ज्या वयात प्रत्यारोपण सर्वांत चांगलं लागू पडतं, त्या वयाला ती लागू नव्हती.

किंमत अमेरिकेत कॅसगेव्हीची २२ लाख डॉलर, लिफजेनियाची ३१ लाख डॉलर. तेव्हाच्या दराने अनुक्रमे सुमारे १८ आणि २६ कोटी रुपये. ब्रिटनमध्ये कॅसगेव्ही जानेवारी २०२५पासून सरकारी आरोग्यसेवेतून पात्र रुग्णांना मिळू लागलं. तिथे किंवा अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी ही खरीखुरी निवड आहे. वर्धा किंवा धडगावच्या घरासाठी आज ती नाही.

इथे आशेचा धागा आहे, आणि तो पुण्यापर्यंत येतो. दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी या संस्थेत देबज्योती चक्रवर्ती यांच्या गटाने स्वतःची क्रिस्पर प्रणाली घडवली. तिच्यावर आधारलेला 'बिरसा १०१' हा उपचार नोव्हेंबर २०२५मध्ये जाहीर झाला आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे तंत्रज्ञान सोपवण्यात आलं. आदिवासी घरांतल्या मुलांना परवडेल असा इलाज इथेच व्हावा, हे मला मनापासून हवं आहे. पण जाहीर होणं आणि माणसांवरच्या चाचण्यांतून सिद्ध होणं यांत वर्षं जातात, आणि त्या वर्षांत मुलाच्या पानथरीचं, खुब्याचं, मेंदूचं नुकसान थांबलेलं नसतं. झालेलं नुकसान कुठलाही जनुक-उपचार भरून देत नाही.

कुणी काय करावं

मूल पाच वर्षांच्या आतलं असेल तर हायड्रॉक्सीयुरियाबरोबर पेनिसिलिन आणि न्यूमोकोकल लस आधी. १९८६ सालीच सिद्ध झालंय की रोजच्या पेनिसिलिनने लहान एसएस मुलांमधला जीवघेणा जंतुसंसर्ग मोठ्या प्रमाणात टळतो. दोन वर्षांपुढे वर्षातून एकदा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर, म्हणजे सोनोग्राफीसारखी तपासणी. त्यात रक्तप्रवाहाचा वेग वाढलेला दिसला तर अर्धांगवायूआधीच उपचार सुरू करता येतो.

पूर्ण जुळणारं भावंड सापडलं आणि मुलाला औषधावरही झटके येत असतील, किंवा डॉपलर बिघडला असेल, तर मी प्रत्यारोपण लांबवणार नाही. भावंड जुळलं आहे पण मूल औषधावर अगदी छान आहे, हा सगळ्यात अवघड प्रसंग. इथे दोन वेगवेगळ्या केंद्रांचं मत घ्या आणि प्रत्येक केंद्राला विचारा: तुमच्याकडे सिकलसेलची किती प्रत्यारोपणं झाली, आणि त्यातली किती मुलं आज बरी आहेत? थॅलेसेमिया या रक्ताच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराचा आकडा सांगितला तर सिकलसेलचा वेगळा मागा.

अठरा-वीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी असेल, दाता नसेल आणि औषध पुरं पडत नसेल, तर अर्ध-जुळणीबद्दल विचारा किंवा चाचण्यांवर लक्ष ठेवा. केमोथेरपी कुठलीही असो, त्याआधी शुक्राणू किंवा स्त्रीबीज गोठवून ठेवण्याची सोय आहे का, हे रुग्णालयाला आधी विचारा. मुलीसमोर हा विषय काढायला घरचे कचरतात. तिला स्वतःला डॉक्टरांशी बोलू द्या.

आणि लग्न ठरवताना: यातल्या कुठल्याही उपायाने शुक्राणू किंवा स्त्रीबीजातलं सिकलसेलचं जनुक बदलत नाही. पूर्ण बरा झालेला मुलगासुद्धा ते जनुक आपल्या प्रत्येक अपत्याला देतोच. जोडीदार वाहक असेल तर निम्म्या मुलांना आजार होण्याची शक्यता राहते. म्हणून जोडीदाराची एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचा प्रकार ओळखणारी रक्ततपासणी लग्नाआधी करून घ्या.